काळ्या पायावरची लाली

माझ्या आत्याचा उजवा पाय काळा आहे. सावळा नाही, गव्हाळ नाही, निमगोरा तर अजिबात नाही. काळा. हे आधीच लिहून टाकते, कारण या एका शब्दावरून पुढं मला इतक्या जणांनी गप्प बसवलंय की सुरुवातच त्यानं केलेली बरी. डावाही तितकाच काळा आहे, पण आजारी पडला तो उजवा.

आत्या मिरचीच्या सीड प्लॉटवर क्रॉसिंगला जाते. म्हणजे एका वाणाच्या फुलातला पराग दुसऱ्या वाणाच्या फुलाला हातानं लावायचा. पाणी सोडलेल्या सरीत पाय, उन्हात डोकं, आणि बोटांच्या बेचक्यांत बारमाही चिखल्या. आमच्याकडं चिखल्यांना आजार म्हणायची पद्धत नाही, त्या बाईच्या पायाला असायच्याच असं धरून चालतात. त्या चिखल्यांतून एकदा काहीतरी आत शिरलं आणि आत्याचा पाय घोट्यापासून पोटरीपर्यंत सुजला. अंगात ताप. मी तिला गावाजवळच्या सरकारी दवाखान्यात नेलं.

तिथले डॉक्टर तरुण होते, आमच्याच भागातले, रंगानं माझ्याहूनही काळे. त्यांनी मोबाईलची बॅटरी लावली, पायावर उजेड पाडला, खाली वाकून नीट पाहिलं. मी म्हणत नाही की त्यांनी पाहिलं नाही. चांगलं पाहिलं.

"लाली नाहीये," ते म्हणाले.

"काय न्हाई?" आत्यानं विचारलं.

"लाल झालेलं नाहीये मावशी. आत जंतू गेले असते तर लाल झालं असतं. दिवसभर उभं राहून सूज आलीय. पाय उशीवर ठेवा, तापाची गोळी घ्या."

बाहेर आल्यावर आत्या माझ्या खांद्यावर भार टाकत म्हणाली, "मी लाल कवा झाल्ते गं? लग्नात हळद लावली तवा बी मी पिवळी दिसली न्हाई."

आम्ही दोघी हसलो. हसण्यासारखंच होतं तेव्हा.

दुसऱ्या दिवशी तिनं मला 'माय' म्हणून हाक मारली. एरवी लाडानं मारते, पण ही लाडाची नव्हती. तापात तिला मी तिची मेलेली आई वाटत होते आणि ती मला पाणी मागत नव्हती, मार नको म्हणत होती. जीप केली आणि तिला संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं एक वयस्क डॉक्टरीण आली. तिनं बॅटरी मागितली नाही. हाताची मागची बाजू उजव्या पायावर ठेवली, मग डाव्यावर, परत उजव्यावर. बोटानं दाबलं, आत्या ओरडली.

"हा पाय तापलाय, हा गार आहे," ती म्हणाली. "कातडी बघा कशी ताणून चकाकतेय, जांभळट झालीय. रंग शोधत बसले होते का सगळे?"

पाय वाचला. नडगीवरची कातडी वाचली नाही, ती काढून मांडीची लावावी लागली. घरी सोडताना त्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. "या पायात हे परत येऊ शकतं. आलं तर पहिल्याच दिवशी औषध सुरू व्हायला पाहिजे. या वेळी उशिरापायी कातडी गेली. पुढच्या वेळी पाय जाईल."

माझी सगळी मोहीम या एवढ्या बोलण्यातून निघाली. लोकांना वाटतं मला वैद्यकशास्त्र सुधारायची हौस आहे. मला हौस नाही. आमच्या गावाजवळच्या त्या एका खोलीत, त्या एका खुर्चीवर जो कोणी बसेल, त्याला आत्याचा पाय पहिल्या दिवशी ओळखता आला पाहिजे, एवढंच माझं म्हणणं होतं आणि आहे.

मी पत्रकं लिहिते. शिकले तीच पत्रकांवर. वस्तीत नळाला पाणी नाही, रेशनला गहू किडका आला, जयंतीला रस्ता अडवला, लिही पत्रक. पत्रक शिकवतं की जाब कोणाला विचारायचा ते पहिल्या ओळीत ठरवायचं. मी ठरवलं आणि डॉक्टरांच्या समोर जाऊन उभी राहिले.

"तुम्ही तिचा पाय घालवला असता."

ते भांडले नाहीत, हीच पंचाईत झाली. खुर्चीत मागं टेकले, मग मागच्या फळीवरून एक जाड पुस्तक काढून माझ्यासमोर उघडलं. पानभर पाय होते. गुलाबी, दुधाळ, एखाद्या साबणाच्या जाहिरातीतल्यासारखे, आणि त्यावर टोमॅटोसारखा लालभडक चट्टा.

"आम्हाला हे शिकवलं," ते म्हणाले. "परीक्षेत लाल हा शब्द लिहिला नाही तर मार्क कापायचे."

"डॉक्टर, तुमचा हात ठेवा या पानावर."

"कशाला?"

"ठेवा तर."

त्यांनी ठेवला. गुलाबी पोटरीशेजारी त्यांचा मनगटापासून काळाभोर हात.

"स्वतःच्या हाताला झालं असतं तरी तुम्ही ओळखलं नसतं," मी म्हणाले.

"हौ," ते म्हणाले, पहिल्यांदाच आमच्या भाषेत. "न्हाई ओळखलं असतं."

मला या गोष्टीचा जो संताप येतो तो माणसावर काढता येत नाही. गोऱ्या देशातला गोरा डॉक्टर असता तर शिव्या घालून मोकळी झाले असते. इथं काळा डॉक्टर काळ्या बाईच्या पायावर गोऱ्या माणसाची लाली शोधतोय, आणि खोलीत गोरं म्हणावं असं काही असेल तर भिंतीचा चुना. शिकवणारे काळे, शिकणारे काळे, वॉर्डातले पेशंट काळे, आणि पुस्तक उघडलं की सगळे माना खाली घालून गुलाबी पाय पाठ करतात! बाजूच्या कॉटवरची कातडी कुणाला दिसली नाही?

डॉक्टर म्हणाले, आमच्या भागातल्या दवाखान्यांतल्या डॉक्टर-नर्सची बैठक होते, तिथं आरोग्य खात्याच्या साहेबांना सांगून अर्धा तास घ्या. तुम्ही फोटो आणा, मजकूर लिहा, बरोबर आहे का ते मी तपासतो. माणूस वाईट नव्हता.

साहेबांनी माझा कागद वाचला. वरती मी लिहिलं होतं, 'काळ्या कातडीवरचे आजार कसे ओळखावेत'. त्यांनी पेनाचं टोपण 'काळ्या' या शब्दावर ठेवलं.

"हे असं नका लिहू ताई. लोक जातीवर नेतील."

"मंग काय लिहू?"

"सावळी लिहा. गव्हाळ लिहा. निमगोरी."

"साहेब, निमगोरी लग्नाच्या बायोडाटात असते. दवाखान्यात कोणी निमगोरं येत नाही, सगळे खरे रंग घेऊन येतात."

ते हसले, आणि शेवटी 'आपल्याकडील त्वचेवरील आजार' असं ठरलं. आपल्याकडील! जणू मोसंबी आहे. मी मान्य केलं, कारण अर्धा तास हवा होता. चहाच्या आधीचा अर्धा तास मिळाला.

फोटोसाठी आत्याला राजी करणं साहेबांहून अवघड गेलं. मधे एकदा तिचा पाय पुन्हा थोडा सुजला होता. त्या वेळी मी वाट न पाहता तिला थेट जालन्याला नेलं, गोळ्यांवर भागलं. निघायच्या आधी अंगणात उन्हात फोटो काढायला बसवलं तर ती लुगडं घोट्याच्या वर घेईना.

"माझा पाय काय जयंतीचा बॅनर हाय का? सगळ्या गावाला दाखवून राह्यली."

"तोंड नाही येणार आत्या. नुसता पाय."

"नुसता पाय तर त्याहून वाईट. तोंडाला पावडर तरी लावता येती." मग लुगडं वर सारत, "काढ. पर जल्दी काढ, ठणकून राह्यलाय."

सुजलेला आणि न सुजलेला, दोन्ही पाय शेजारी शेजारी. शिवाय शेजारच्या एका म्हाताऱ्याच्या मानेवरचं गजकर्ण आणि माझ्याच कोपराचा इसब, जो आमच्या रंगावर लाल न दिसता राखाडी दिसतो. खाली मोठ्या अक्षरांत मजकूर: लाल शोधू नका. हात ठेवा. दोन्ही बाजू ताडून बघा. पेशंटला विचारा, रंग नेहमीसारखाच आहे का, की गडद झालाय? डॉक्टरांनी दोन ठिकाणी शब्द बदलले, बाकी बरोबर म्हणाले.

फ्लेक्स छापायला जुन्या जालन्यात टाकला. आमची सगळी बॅनरं तिथंच होतात. दुकानदार गेली कित्येक वर्षं वाढदिवस, निवड, श्रद्धांजली सगळं छापतो, आणि आमच्या पत्रकांतल्या चुकाही काढतो. मी सांगितलं, फोटो जसेच्या तसे पाहिजेत, दवाखान्याचं काम आहे. "बिलकुल ताई, टेन्शन घेऊ नका." मोबाईलवर नमुना आला तो नुसत्या मजकुराचा, फोटोंच्या जागी रिकाम्या चौकटी. मजकूर बरोबर होता. गुंडाळी बैठकीच्या सकाळी एसटीनं आली, मी ती तशीच काखेत मारून बैठकीला गेले.

भिंतीला टांगून उलगडली तेव्हा खोलीत सगळे बसलेले होते. आणि भिंतीवर एका गोऱ्यापान बाईचे दोन पाय होते.

मला आधी वाटलं गुंडाळी बदलली. मग आत्याच्या अंगणातली फुटकी फरशी ओळखली. फरशी तीच, लुगड्याचा काठ तोच, पाय मात्र साईसारखे. नडगीवरचा जोडलेल्या कातडीचा वण पुसून टाकलेला. आणि सूज? सूजही काढली होती. दोन्ही पाय एका मापाचे, सुरेख. उजव्या पोटरीवर जिथं जांभळट गडदपणा होता तिथं उजळल्यामुळं छान गुलाबी लाली चढली होती.

मी बाहेर जाऊन फोन लावला.

"तुम्ही काय केलंत?"

"का ताई? आवडला न्हाई का? फोटो लई डल होता. उजळवला."

"सूज कुठं गेली?"

"एक पाय जाडा दिसत होता ना. सारखा केला." त्याच्या आवाजात खरोखर अभिमान होता. "आपल्या दुकानातून आजपर्यंत कुणी काळं बाहेर गेलं न्हाई ताई. मेलेलं माणूस सुद्धा न्हाई."

तो खोटं बोलत नव्हता. आमच्या गल्लीतल्या प्रत्येक बॅनरवर आमची माणसं गोरी आहेत. माझ्या आजोबांच्या श्रद्धांजलीच्या बॅनरवरचे आजोबा कोण, हे मला लहानपणी विचारावं लागलं होतं. फोटो हातात आला की आधी माणसाचा रंग उतरवायचा, मग बाकीचं काम. मी सांगितलेलं 'जसेच्या तसे' त्याच्या कानावर पडलं, पण त्याच्या हाताला त्या शब्दाची सवय नव्हती.

आत आले तर साहेब पोस्टरसमोर उभे होते, हात मागं बांधून.

"झकास झालंय ताई! आता लाली कशी स्पष्ट दिसते."

मी तिथं ओरडले. काय ओरडले ते लिहीत नाही, पत्रकातही छापता आलं नसतं. डॉक्टर उठले, माझ्या मोबाईलवरचा खरा फोटो सगळ्यांना फिरवून दाखवला आणि म्हणाले, "हा पाय मी स्वतः परत पाठवला होता. लाल नाही म्हणून." त्यांनी नर्सना सांगितलं, डोळे मिटा, शेजारणीच्या कपाळावर आणि हातावर हाताची मागची बाजू ठेवा, फरक कळतो का बघा. थोडी खिदळाखिदळ झाली, थोडं शिकणंही झालं असेल. तेवढ्यात चहा आला. अर्धा तास संपला.

मी साहेबांना म्हटलं, पोस्टर काढा, मी दुसरं छापून आणते. ते म्हणाले बघू. बघू म्हणता म्हणता त्याच पोस्टरच्या, मजकूर वाचताच येणार नाही इतक्या छोट्या प्रती निघाल्या आणि भागातल्या दवाखान्यांच्या भिंतींवर चिकटल्या. मी अर्ज दिले, फेऱ्या मारल्या. "चिकटवलेलं काढलं की भिंतीचा रंग निघतो," असं उत्तर मिळालं. भिंतीच्या रंगाची काळजी आहे, माणसाच्या नाही.

आत्याला दाखवलं.

"हा माझा पाय हाय?"

"हौ."

"बघ माय. मरायच्या आत गोरी झाले." ती हसली, पण पोस्टरला हात लावून, बोटानं त्या गोऱ्या नडगीवर रेघ ओढत हसली, आणि मला ते आजही आठवायला आवडत नाही.

मग डॉक्टरांची बदली झाली. होणारच. जाताना म्हणाले, नव्या ठिकाणी मी सांगेन. सांगत असतील. पण आत्याचा पाय नव्या ठिकाणी नव्हता, इथं होता.

यंदा पोळ्याच्या आसपास आत्या सकाळी अंगात कापरं भरून उठली. पाय ठणकत होता. मी हात ठेवला, पाय चुलीवरून उतरवलेल्या तव्याच्या कडेसारखा तापला होता. जालन्याच्या रस्त्यावर पूल खचला होता, गाड्या वाटेतल्या राजूरच्या आधीच अडकल्या होत्या. राहिला आमचा सरकारी दवाखाना. स्कूटीवर मागं बसवून नेलं.

खुर्चीवर नवीन डॉक्टरीण होती. कोवळी पोरगी, कॉलेजचा बॉन्ड, म्हणजे सक्तीची सरकारी नोकरी, पुरा करायला लांबून आलेली, बोलणं पुस्तकी. तिनं बॅटरी लावली.

"रेडनेस नाहीये काही," ती म्हणाली. आणि मागं वळून भिंतीकडं बोट केलं. "हे बघा, असं दिसायला हवं."

भिंतीवर आत्याचा पाय होता. गोरा.

माझं तोंड सुटलं. तोच पाय आहे तो, म्हटलं, हाच, हिचा, तुमच्या समोरचा! फ्लेक्सवाल्यानं रंगवलाय! तुम्हाला शिकवतात काय कॉलेजात, या जिल्ह्यात कोण गुलाबी आहे ते दाखवा मला, मी तक्रार करीन, मी पत्रक काढीन! तिला यातलं काय कळलं असेल देव जाणे. तिला एवढंच दिसलं की एक बाई अंगावर येऊन भिंतीवरच्या फोटोतले पाय आपल्या आत्याचे आहेत म्हणतेय.

"तुम्ही डॉक्टर आहात का?" तिनं विचारलं. मान ताठ होती. "नसाल तर मला माझं काम करू द्या."

"तुमचं काम म्हणजे..."

"तू भाईर जाय," आत्या म्हणाली.

"आत्या, अगं ही तुला परत पाठवून राह्यली!"

"भाईर जाय म्हन्ते ना. कान फुटले माझे."

गेले. खिडकीला उभी राहिले. आत्या बाकावर पाय वर घेऊन बसली, लुगडं गुडघ्यापर्यंत सारलं. फोटोला घोटा दाखवायला तयार नव्हती तीच ही.

"बाई," आत्या त्या पोरीला म्हणाली, "तुमचा हात गार हाय का वो?"

"काय?"

"आग व्हायलीय पायाची. गार असंल तर ठेवा बरं जरा. बरं वाटंल मला."

पोरगी गोंधळली. मग तिनं हात ठेवला. ठेवला तसा उचलला, आणि परत ठेवला.

"आता ह्याच्यावर ठेवा," आत्या डावा पाय पुढं करत म्हणाली. "ह्याला न्हाई होत आग. कशी काय होत नसंल?"

पोरगी स्टुलावर बसली. एक हात या पायावर, एक त्या पायावर, बराच वेळ. बोटानं दाबलं. आत्यानं दात आवळले. मग डॉक्टरीण उठली आणि नर्सला भराभर औषधांची नावं सांगायला लागली. सुई गेली, बाटली लटकली. पहिला दिवस होता. वेळेत होतं.

ती बाहेर आली तेव्हा मला म्हणाली, "मला हे कुणी शिकवलंच नव्हतं." खरं बोलत होती. आधीच्या डॉक्टरांनीही पुस्तक उघडून वेगळं काही सांगितलं नव्हतं. तिचा बॉन्ड संपला की तिसरा येईल, तोही खरंच बोलेल. एकेका डॉक्टरला आत्याच्या पायावर असं शिकवत बसायचं का? आत्याला पाय दोनच आहेत. आणि आजारी बाईनं तापात फणफणत असताना डॉक्टरला गोड बोलून, युक्तीनं, स्वतःच्या पायाला हात लावायला लावायचा, हा इलाज म्हणायचा का? ज्या बाईला युक्ती सुचणार नाही तिनं काय करायचं? जिथं हे सगळे पास होऊन येतात तिथं, त्या कॉलेजात, त्या पुस्तकात, त्या परीक्षेत हे घाला, काळं म्हणायची लाज सोडून घाला, हे मी लिहीत राहीन. उद्गारचिन्हांसकट.

हे सगळं मी तिला तिथंच सांगायला सुरुवात केली होती. पण तिनं मला अर्ध्यात थांबवलं आणि दारातून आत पाहून आत्याला विचारलं, "मावशी, आमच्या दोन नर्स आहेत, त्यांनाही बोलावू का? हात लावून बघतील. चालेल तुम्हाला?"

"आणा की," आत्या आतून म्हणाली. "पर हिला भाईरच ठिवा."